पात्यावर पोलादाचं नाव कोरावं का, आणि कुणासाठी?

गेल्या पावसाळ्यात कणकुंबीकडचा एक तरुण रुमालात गुंडाळलेला चाकू घेऊन माझ्याकडे आला. घडीचा चाकू, शिसवीची मूठ, पितळेच्या पिना. बघितल्या बघितल्या ओळखला, कारण तो मीच त्याच्या थोरल्या भावासाठी बनवला होता. भाऊ नोकरीला पुण्याला गेला आणि चाकू धाकट्याकडे राहिला. पात्यावर तपकिरी डाग पडले होते, दोन ठिकाणी गंजानं खड्डे पाडले होते आणि टोकाकडे धारेला लागून बोटभर निळी झाक आली होती.

"काय ओ काका, हे स्टेनलेस नव्हे काय?"

नव्हतं. ते ईएन ३१ होतं, बॉल बेअरिंगचं पोलाद. थोरल्याला मी सगळं समजावून दिलं होतं. वापरून झालं की कोरडं पुसायचं, पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. डब्यात तशी चिठ्ठीही घातली होती. डबा कुठं गेला ते आता दोघांनाही माहीत नाही. धाकट्यानं त्याच चाकूनं कैऱ्या कापल्या, फणस फोडला, ओलाच मिटून खिशात टाकला. धार गेल्यावर बाजारात चाकावर लावून आणली. चाकवाल्याला तरी काय दोष द्यायचा? हातात आलेलं पातं कशाचं आहे हे त्यालाही कळायला मार्ग नव्हता. ती निळी झाक तिथली.

पात्यावर माझ्या नावाची दोन अक्षरं होती. पोलादाचं नाव नव्हतं, आणि ते मी मुद्दाम घातलं नव्हतं. पातं स्वच्छ दिसावं, माझ्या खुणेवर माणसानं विश्वास ठेवावा, असं मला तेव्हा वाटायचं. ऑर्डरप्रमाणे एकेक चाकू बनवणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे: पोलादाचं नाव पात्यावर घालावं की नको? त्या दिवसापासून माझं उत्तर बदललं. घालावं. पण काय घालावं, कधी घालू नये आणि घातलेल्या नावावर गिऱ्हाइकानं किती भरवसा ठेवावा, हे नीट उलगडून सांगायला हवं. नाहीतर ते नाव नुसतं शोभेचं होतं.

नावात काय असतं?

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. हा कार्बन किती थोडा, ते बघा. दाराच्या ग्रिलला लागणारं साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, घेतलं तर शंभर ग्रॅममध्ये साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहून कमी. ट्रकच्या पाट्यात, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीत, अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. बेअरिंगच्या ईएन ३१ मध्ये एक ग्रॅम. आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओततात त्या बिडात तीन ग्रॅमच्या पुढे, म्हणून बीड घणाखाली फुटतं, वाकत नाही. एमएसला तुम्ही कितीही तापवून पाणी द्या, चाकूच्या कामाची धार धरण्याइतकं ते कठीण होत नाही. पात्याला साधारण अर्ध्या ग्रॅमच्या वर कार्बन लागतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट क्रोमियम. हे पुरेसं असलं की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि गंज अडतो. शेकडा साडेदहाच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेसच्या पंगतीत बसवतात. ईएन ३१ मध्ये क्रोमियम जेमतेम दीड टक्का, म्हणून ते गंजतं. चाकूवाल्यांच्या आवडत्या ४४०सी मध्ये सतराच्या आसपास, म्हणून ते टिकतं. डी२ नावाच्या डाय बनवायच्या पोलादात बारा टक्के असूनही ते हळूहळू डागाळतं, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम दीड टक्का कार्बननं स्वतःशी बांधून घेतलेलं असतं. गंज अडवायला मोकळं क्रोमियम लागतं, बांधलेलं उपयोगाचं नाही.

आणि नुसतं 'स्टेनलेस' म्हणून काही कळत नाही. आपल्या जेवणाच्या ताटाचं ३०४ हेही स्टेनलेसच, अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचं. त्याला पाणी देऊन कठीण करताच येत नाही. त्याचं पातं कांद्याला दाबून चिरडेल.

एका जिल्ह्यात राहूनही आपल्याकडे वेगवेगळं पोलाद वेगवेगळ्या माणसाला का लागतं, हे बेळगावकराला सांगायला नको. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला रात्रीत बुरशी येते. तिथल्या माणसाला साध्या कार्बन पोलादाचा चाकू देणं म्हणजे त्याला रोजचं काम लावणं. तोच चाकू अथणीच्या कोरड्या हवेत द्राक्षबागेतला माणूस दहा वर्षं निवांत वापरेल आणि बांधावर बसून साध्या दगडावर पाच मिनिटांत धार लावेल. निपाणीत तंबाखूची पोती उघडणाऱ्याला दोऱ्या, सुतळ्या, गोणपाट दिवसभर कापायचं असतं. त्याला धार टिकणारं डी२ आवडेल. मात्र डी२ ची धार गेली की घरच्या दगडावर परत येत नाही. त्या पोलादात क्रोमियम आणि कार्बनचे बारीक कण असतात, ते साध्या दगडातल्या गारेपेक्षा कठीण असतात. माणूस दगड घासत बसतो, दगडच झिजतो, आणि त्याला वाटतं आपल्याला धार लावता येत नाही. त्याला सिलिकॉन कार्बाइडचा नाहीतर हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो.

म्हणजे नाव हे मालकासाठी निगेची सूचना आहे आणि धार लावणाऱ्यासाठी कामाची. चाकाला लावताना पातं निळं पडलं, तर ईएन ३१ सारखं पोलाद जवळपास तीनशे अंशांपर्यंत तापलं असं समजायचं. तेवढा भाग नरम पडला, तो घासून काढल्याशिवाय तिथं धार ठरणार नाही. पण पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडपासून बनवलेला चाकू असेल, आणि आपल्याकडे असे चाकू भरपूर आहेत, तर तसल्या हायस्पीड पोलादाचं तेवढ्या तापानं काही बिघडत नाही. ते लालसर होईपर्यंत तग धरतं. एकच निळा रंग, दोन पोलादांत दोन अर्थ. चाकवाला हे बघून ओळखू शकत नाही. त्याला कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

दूध एकच, कुंदा वेगळा

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या मते जास्त वजनाची आहे. मी बारा वर्षं उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काढली आहेत, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

आपल्या भाषेत धार लावण्याला 'पाजवणे' म्हणतात. विळा पाजवून आण, कोयता पाजवून आण. त्या शब्दातच पाणी आहे. लोहाराकडे पातं लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतात, त्याला आपण पाणी देणं म्हणतो, कारखान्यात हार्डनिंग म्हणतात. लाल तापल्यावर पोलादातला कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश निवू दिलं तर तो परत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. झटकन निववलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो, आणि पोलाद ताणलेल्या तारेसारखं कडक होतं. इतकं कडक की त्या क्षणी हातातून फरशीवर पडलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून लगेच दीडशे ते अडीचशे अंशांच्या दरम्यान पुन्हा हलकं तापवतात. थोडा कडकपणा सोडून द्यायचा आणि चिवटपणा घ्यायचा. याला टेंपरिंग म्हणतात. स्वच्छ घासलेल्या पात्यावर त्या वेळी आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढत जातो. जुने लोहार रंग बघून हात थांबवायचे.

या सगळ्यात चुकायला किती जागा आहे बघा. ईएन ३१ ला साधारण ८२० ते ८६० अंश लागतात. पोलादाला चुंबक चिकटणं ७७० अंशांच्या आसपास थांबतं, म्हणून कोळशाच्या भट्टीवरही चुंबक लावून बघत, थोडं पुढे जाऊन, सरावाचा माणूस ते जमवतो. जास्त तापवलं तर पोलादाचे कण फुगतात आणि धारेचे तुकडे पडतात. डी२ ला हजार अंशांच्या वर नेऊन बराच वेळ त्या तापात ठेवावं लागतं. हे डोळ्यांच्या अंदाजानं होत नाही, तापमान धरून ठेवणारी भट्टी लागते. कुणी मला कोळशाच्या भात्यावर बनवलेला डी२ चा चाकू दाखवला तर मी पोलादाचं नाव वाचून खूश होणार नाही. भट्टी कुठली, ते विचारीन.

बेळगावात हे समजावायला कुंद्याइतकं सोपं उदाहरण नाही. त्याच गवळ्याचं तेच दूध दोन हलवायांकडे जातं. एकाचा कुंदा खमंग, रवाळ, नेमका तपकिरी. दुसऱ्याचा करपट. डब्यावर 'शुद्ध म्हशीचं दूध' लिहिलं असेल, तर ते दोघांच्या बाबतीत खरंच आहे. पोलादाचं नाव म्हणजे ते दूध. कढईखालचा जाळ कुणी सांभाळला, ते त्या नावात येत नाही.

याची किंमत खुद्द स्टेनलेसनं मोजली आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लींनी १९१३ मध्ये जवळपास तेरा टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद ओतलं. त्यांना त्यात चाकूसुऱ्या दिसल्या, पण गावातल्या कारागिरांनी नाकं मुरडली. कापत नसलेल्या सुऱ्यांचा शोध लावणारा, असं त्यांना हिणवलं गेलं. या पोलादाला जुन्या कार्बन पोलादापेक्षा कितीतरी जास्त ताप लागतो, आणि सवयीच्या तापावर पाणी दिलेल्या स्टेनलेसला धार टिकत नाही. नाव खरं होतं, जाळ चुकीचा होता.

म्हणून सोन्याच्या हॉलमार्कशी याची तुलना करतात ती मला अर्धीच पटते. दागिन्यावर ९१६ असेल तर त्यात शेकडा ९१.६ सोनं, बावीस कॅरेट, विषय संपला. सोनाराच्या हातानं त्या सोन्याचं सोनेपण बदलत नाही. शिवाय हॉलमार्क सोनार स्वतः देत नाही, बीआयएसनं मान्यता दिलेलं केंद्र तपासून देतं, आणि त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. चाकूच्या पात्यावर असं कुठलंही केंद्र बसलेलं नाही. तिथं जे लिहिलं जातं तो बनवणाऱ्याचा शब्द असतो.

शब्द असला तरी तो हवेतला नाही, हेही सांगून ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, प्रत किंवा घटक खोटे सांगणं अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. घरामागच्या शेडमध्ये महिन्याला चार चाकू बनवणाराही विक्रेताच आहे.

नाव नको म्हणणारे काय म्हणतात

त्यांचं म्हणणं मी स्वतः बरीच वर्षं मांडलं आहे, त्यामुळे ते हलक्यात घेत नाही.

पहिला मुद्दा असा की कारागिराची खूण पुरे. शेफिल्डमध्ये १६२४ साली कटलर्स कंपनी स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराची खूण तिच्या दप्तरी नोंदली जायची. ती खूण म्हणजे हमी. त्या काळी ते ठीक होतं, कारण पोलादाच्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि सगळ्यांची निगा एकच, पुसा आणि तेल लावा. आज माझ्याच मांडणीवर पाच जातींचं पोलाद आहे आणि पाचही पाती घासून चकचकीत केल्यावर मलाही नुसत्या नजरेनं वेगळी सांगता येत नाहीत. शिवाय खूण वाचून माझ्याकडे यायला मी जिवंत असायला हवा, माझा फोन नंबर तोच असायला हवा. चांगला चाकू माणसापेक्षा जास्त जगतो.

दुसरा मुद्दा: नाव घातलं की गिऱ्हाईक नावच विकत घेतं. हे खरं आहे आणि मला त्याचा त्रास होतो. लोक फोनवर पहिला प्रश्न "स्टील कुठलं?" हाच विचारतात. धारेच्या मागं पातं किती जाड आहे हे कुणी विचारत नाही, आणि कापण्यात निम्मं काम तेच करतं. धारेच्या लगेच मागं एक मिलिमीटर जाडी ठेवली तर जगातलं भारीतलं भारी पोलाद रताळ्यात पाचरीसारखं अडकेल आणि रताळं चिरण्याऐवजी फुटेल. पाव मिलिमीटरवर आणलेलं साधं पातं त्यातून सरकन जातं. पण गिऱ्हाइकाच्या या सवयीवर उपाय म्हणून त्याच्यापासून माहिती लपवणं मला आता बरोबर वाटत नाही. त्याला उरलेली माहितीही द्यावी.

तिसरा मुद्दा दिसण्याचा. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून घातली तर चाकूचं रूप बिघडत नाही. मोठे कारखाने हे कधीपासून करत आले आहेत. फ्रान्सच्या ओपिनेलच्या पात्यावर 'कार्बोन' किंवा 'इनॉक्स' असा ठसा असतो. अमेरिकेच्या केस कंपनीच्या चाकूंवर बुडाशी क्रोम व्हॅनेडियमला 'सीव्ही' आणि स्टेनलेसला 'एसएस' असतं. स्विस चाकूवाल्या एल्सनरांच्या कंपनीनं तर १९२१ मध्ये संस्थापकाच्या आईच्या व्हिक्टोरिया या नावाला न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' जोडलं आणि व्हिक्टोरिनॉक्स हे नावच तयार केलं.

चौथा मुद्दा मात्र खरोखर जड आहे: बनवणाऱ्याला तरी पोलाद कुठलं ते नक्की माहीत असतं काय?

पिवळ्या टोकाची पट्टी

पोलादाच्या दुकानात पट्ट्यांच्या आणि सळ्यांच्या एका टोकाला रंग फासलेला असतो. ती त्या जातीची ओळख. दुकानदार मागाल तेवढा तुकडा कापून देतो. आता कापताना रंगाचं टोक आधी गेलं, तर उरलेली सगळी पट्टी अनामिक होते. चांगला दुकानदार नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापतो आणि रंग शेवटपर्यंत राखतो. सगळेच तसं करत नाहीत, आणि काही वेळा कुणीतरी आठवणीनं परत रंग फासतो.

असाच एकदा मी ओएचएनएस म्हणून एक पट्टी आणली. तेलात कडक होणारं, वाकडं न होणारं टूल रूमचं पोलाद, चाकूला उत्तम. तीन पाती कापली, घासली, भट्टीत घातली, तेलात बुडवली. बाहेर काढून धारेवर कानस ओढली. नीट कडक झालेल्या पात्यावर कानस काचेवरून गेल्यासारखी सटकते, किरर्र आवाज येतो, धातू निघत नाही. इथं कानसेनं दात रोवले आणि भुसा पडला. ताप कमी पडला असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी तुकडा स्पेक्ट्रोला दिला. बेळगावात फाउंड्र्या असल्याचा हा मोठा फायदा. तिथं ओतायच्या धातूची रोजच तपासणी चालते, त्यामुळे असं यंत्र शोधायला लांब जावं लागत नाही. तुकड्याचा तळ घासून सपाट करतात, त्यावर विजेची ठिणगी पाडतात, आणि निघालेल्या प्रकाशावरून कुठला धातू किती ते मोजतात. कागद आला: कार्बन ०.४ च्या आसपास. म्हणजे ईएन ८, शाफ्ट बनवायचं पोलाद. उत्तम शाफ्ट होईल, चाकू होणार नाही.

मी तोवर त्या तीन पात्यांवर 'ओएचएनएस' पंच मारून मोकळा झालो होतो. कारण पंच पोलाद मऊ असतानाच मारावा लागतो, कडक झाल्यावर मारला तर पंचाचीच अक्षरं मोडतात. ती तिन्ही पाती मी कापून भंगारात टाकली. समजा, कानस न लावता त्यांना मुठी बसवल्या असत्या, तर माझ्या हातचं खोटं तीन माणसांच्या खिशात गेलं असतं, आणि मला पत्ताही लागला नसता.

त्यानंतर ठरवलं ते असं. नवीन पट्टी आली की पहिल्यांदा चाकावर ठिणगी बघायची. ही फुकटची तपासणी आहे. एमएसची ठिणगी लांब, सरळ, फारशी न फुटणारी. कार्बन जास्त असेल तर ठिणगी टोकाला फुटून तिला फांद्या येतात, फुलबाजीसारख्या. स्टेनलेसची आखूड आणि कमी. शेजारी माहितीतला तुकडा धरून दोन्ही एकापाठोपाठ बघितले की मोठी फसवणूक पकडता येते. नेमकी जात मात्र यातून कळत नाही. ती हवी असेल तर स्पेक्ट्रोचा कागद. आणि एक सूचना, कारण यात बरेच जण फसतात: हातात बंदुकीसारखं धरायचं जे एक्स-रेचं यंत्र असतं, भंगारवाले सोन्या-पितळेसाठी वापरतात ते, त्याला कार्बन दिसत नाही. क्रोमियम, निकेल, मँगनीज ते सांगेल. पण चाकूच्या पोलादात ज्याच्यावर सगळं उभं आहे तो कार्बनच त्याच्या नजरेतून सुटतो.

मग पाट्यापासून बनवलेल्या चाकूचं काय? आपल्या भागात ऊसतोडीचे कोयते पिढ्यान्‌पिढ्या ट्रकच्या पाट्यापासूनच बनत आले आहेत आणि फडात ते उत्तम चालतात. पण पाट्याच्याही दोन-तीन जाती येतात, कशात सिलिकॉन जास्त, कशात क्रोमियम. तो कुठल्या गाडीचा, कुठल्या सालचा, कोण सांगणार? अशा पात्यावर ५१६० किंवा ईएन ४५ असा आकडा घालणं म्हणजे अंदाजाला शिक्का मारणं. मी 'पाटा' एवढंच घालतो. त्यात खोटं काही नाही, आणि आपल्या भागातल्या कुठल्याही लोहाराला त्या एका शब्दात पुरेसं कळतं: तेलात पाणी द्यायचं, गंजेल, वाकवलं तरी लवकर तुटणार नाही, साध्या दगडावर धार येईल. थरांच्या पोलादात, ज्याला लोक दमास्कस म्हणतात, दोन जाती एकमेकींत घडवलेल्या असतात. तिथं जागा असेल तर दोन्ही नावं, नसेल तर धारेवर जी जात येते ती.

आकडा एकाला, शब्द दुसऱ्याला

आता त्या कणकुंबीच्या मुलाकडे परत जातो. त्याच्या चाकूवर मी 'ईएन ३१' घातलं असतं, तर त्याला काय कळलं असतं? काहीच नाही. आकडा हा माझ्यासारख्यांसाठी असतो. त्यातही एकाच पोलादाला देशागणिक वेगळं नाव. आपलं ईएन ३१ अमेरिकेत ५२१००, जर्मनीत १००सीआर६, जपानमध्ये एसयूजे२. हे ईएन आकडे ब्रिटिशांचे. त्यांनी स्वतः ते कधीच मागे टाकले, उद्यमबागेत मात्र अजून त्याच नावानं माल मागतात आणि त्याच नावानं मिळतो. म्हणून माझ्या भागात मी तोच आकडा घालतो. पण त्याच्या जोडीला एक साधा शब्दही घालायला हवा: 'कार्बन' किंवा 'स्टेनलेस'. ओपिनेलवाल्यांनी आकडा न घालता फक्त तेवढाच शब्द घातला, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीनं त्यांचंच जास्त बरोबर आहे.

जाळाची माहितीही जमेल तितकी द्यावी. रॉकवेलच्या यंत्रावर हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भारानं पात्यात दाबतात आणि ते किती रुतलं त्यावरून कडकपणाचा आकडा काढतात. चाकूला साधारण ५६ ते ६२ च्या दरम्यान हवा. मी पात्याच्या बुडाशी, मुठीत झाकल्या जाणाऱ्या जागी तो ठिपका पाडून घेतो आणि आकडा वहीत लिहितो. पात्यावर तो घालत नाही, कारण धारेपाशी आणि बुडाशी आकडा थोडा वेगळा असू शकतो. त्याऐवजी प्रत्येक चाकूला अनुक्रमांक घालतो. वहीत त्या क्रमांकापुढे पोलाद, पट्टी कुठून आणली, किती अंशांवर तापवलं, कशात निववलं, टेंपर किती, रॉकवेल किती, एवढं असतं.

कसं घालावं, ते थोडक्यात. पंच मऊ असतानाच मारावा, उथळ मारावा. खोल, टोकदार खुणेच्या कोपऱ्यातून पाणी देताना चीर जाऊ शकते. कडक झाल्यावर घालायचं असेल तर विजेनं कोरणं सगळ्यात सोपं: अक्षरं कापलेला स्टिकर, मिठाचं पाणी, बारा व्होल्टची बॅटरी, कापसाचा बोळा. पात्याला धन टोक, बोळ्याला ऋण. एकेक सेकंद टेकवत वीस-पंचवीस वेळा, मध्ये पुसत. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुऊन तेल लावायचं, नाहीतर अक्षरांतच गंज धरतो. लेझरनं फार देखणं होतं, पण स्टेनलेसवर लेझर जास्त तापला तर त्याच रेषांत गंज येतो, हे करून देणाऱ्याला आधी सांगावं. आणि काहीही वापरलं तरी जागा बुडाशीच. धारेजवळची अक्षरं पाच-दहा वर्षांच्या घासण्यात निघून जातात.

घरी आजीचा अडकित्ता आहे. काळाभोर, सुपारी अजून लोण्यासारखी कापतो. त्याचं पोलाद कुठलं, ते स्पेक्ट्रोवर कळेल, पण ठिणगीचा काळा डाग त्याच्या पात्यावर कायमचा राहील. म्हणून नेला नाही, आणि त्यावर काही कोरलंही नाही.

कणकुंबीच्या चाकूचं टोक मी चार मिलिमीटर मागं घेतलं, निळा भाग पूर्ण निघेपर्यंत, दर दोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवत. खड्डे सगळे गेले नाहीत, गेले असते तर पातं पातळ झालं असतं. मग तो समोर बसलेला असतानाच बॅटरी लावली आणि बुडाशी 'ईएन ३१' कोरलं, खाली 'कार्बन'. त्यानं वाचलं आणि विचारलं, "कार्बन म्हणजे काय करायचं ओ?" मी सांगितलं. तो म्हणाला, मग तेच लिहा की. स्टिकरवर थोडी जागा उरली होती. तिथं 'पुसा' एवढं मावलं.